टॉप पेअर आहे ना, मग बेट लावा: छोट्या टेबलांवर व्हॅल्यू कशी काढायची

१-२ सेंट, २-५ सेंट, ५-१० सेंट ब्लाइंडवाल्या (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधीच दोघांनी टाकायची सक्तीची रक्कम, मोठी ती बिग ब्लाइंड) नो-लिमिट होल्डेम पोकरच्या टेबलांवर पैसे कुठून येतात असं विचारलं की लोक सेटच्या (हातातल्या जोडीला बोर्डवर, म्हणजे मधल्या सामायिक पत्त्यांत, तिसरा सारखा पत्ता), फ्लशच्या (एकाच रंगाचे पाच पत्ते) नाहीतर एखाद्या खतरनाक ब्लफच्या (हातात काही नसताना लावलेल्या बेटेच्या) गोष्टी सांगायला लागतात. आता जरा हिशोब बघा, पॉकेट पेअर, म्हणजे हातातल्या दोन पत्त्यांचीच जोडी, मुळात १७ हँडमध्ये एकदा येते आणि आल्यावर फ्लॉपला (मध्ये उघडणारे पहिले तीन पत्ते) तिचा सेट व्हायची शक्यता ११.८ टक्के, म्हणजे साधारण साडेआठ वेळा एकदा. याउलट एक्का-राजासारखे दोन मोठे पत्ते असले तर जवळपास दर तिसऱ्या फ्लॉपला जोडी लागतेच. म्हणजे रोजच्या खेळात तुमच्या हातात सेट नसतो, टॉप पेअर असते (बोर्डवरच्या सर्वात मोठ्या पत्त्याची जोडी), ओव्हरपेअर असते (बोर्डवरच्या सगळ्या पत्त्यांपेक्षा मोठी हातातली जोडी), कधीतरी ओल्या, म्हणजे फ्लश-सिक्वेन्स बनू शकतील अशा बोर्डवर दोन पेअर असतात. चांगले हँड आहेत पण हरू शकतात, आणि हे "हरू शकतात" डोक्यात बसलं की माणूस टर्नला (चौथा पत्ता) चेक, रिव्हरला (पाचवा, शेवटचा पत्ता) चेक करत, म्हणजे पैसे न लावता पुढे ढकलत बसतो आणि शेवटी चिल्लर घेऊन पॉट जिंकतो. जिंकला म्हणून खूशही होतो वर.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद झाले, कौशल्याचे असोत नाहीतर नशिबाचे, आणि पोकर त्यात आलाच. त्यामुळे हे लिहितोय ते इंग्लंड, कॅनडा वगैरेकडे राहणाऱ्या आणि तिथल्या परवाना असलेल्या साइटवर खेळणाऱ्या आपल्या लोकांसाठी, म्हणून आकडे डॉलर-सेंटमध्ये. घरी फुकटच्या चिप्सवर मित्रांसोबत खेळणाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही, फक्त फुकटच्या चिप्सवर लोक काहीही घेऊन कॉल करतात (समोरच्यानं लावले तेवढे टाकतात) तर तिथे सगळं जरा वाढवून धरा.

आता मुद्द्याचं. रिव्हरला समोरच्यानं चेक केलं आणि तुम्ही शेवटचे आहात, तेव्हा "मी पुढे आहे का?" हा प्रश्न अर्धवट आहे. तुम्ही पुढे असालही, पण तुमच्यापेक्षा कमकुवत असलेला एकही हँड कॉल करणार नसेल तर बेट लावून काय मिळालं? आणि उलट, तुम्ही बऱ्याचदा मागे असाल पण त्याच्याकडचे कॉल करणारे निम्म्याहून जास्त हँड तुमच्या खालचे असतील तर बेट लावायलाच पाहिजे. म्हणजे प्रश्न असा विचारायचा: मी एवढे पैसे टाकले तर कोणकोणते हँड कॉल करतील, आणि त्यातले किती मी हरवतो? पुस्तकी उत्तर ५० टक्क्यांच्या वर. छोट्या टेबलांवर रेक (साइटनं पॉटमधून कापलेलं कमिशन) असतो म्हणून जरा वर धरा. समजा साइट ५ टक्के कापते आणि पॉट अजून रेकच्या कमाल मर्यादेपर्यंत गेलेला नाही. तुम्ही १ डॉलर लावला, त्यानं कॉल केला, पॉटमध्ये २ डॉलर वाढले, त्यातले १० सेंट साइटनं घेतले. जिंकलात तर ९० सेंट मिळाले, हरलात तर पूर्ण डॉलर गेला. हिशोब केलात तर बरोबरीचा आकडा ५२.६ टक्के येतो. म्हणजे अगदी काठावरच्या बेटा रेकच खाऊन टाकतो, हाय-स्टेक्सवाले व्हिडिओत ज्या पातळ बेटा लावतात त्या सगळ्याच आपल्याकडे चालतील असं नाही. पण आपली अडचण ती नाहीच आहे राव, आपण ६०-६५ टक्केवाल्या बेटाही सोडून देतोय.

एक हँड पूर्ण बघू

२-५ सेंटचं सहा जणांचं टेबल, सगळ्यांकडे ५ डॉलर, म्हणजे १०० बिग ब्लाइंड. तुम्ही कटऑफला (डीलरच्या जागेच्या लगेच आधीची जागा), हातात इस्पिक एक्का आणि चौकट राणी. १५ सेंटची रेझ केलीत (रक्कम वाढवलीत), बिग ब्लाइंडमधल्या माणसानं कॉल केला. हा माणूस बरेच हँड खेळतो, रेझ क्वचित करतो, थोडक्यात पत्ते बघायला आलेला आहे. पॉट ३२ सेंट.

फ्लॉप: बदाम राणी, बदाम अठ्ठी, किलवर तिर्री. तो चेक. इथे २२ सेंट लावायचे. दहा सेंट नाही, १६ नाही. कारण आत्ता कॉल करणारे खूप आहेत: खालच्या किकरची (जोडीसोबतच्या दुसऱ्या पत्त्याची) प्रत्येक राणी, अठ्ठी धरून बसलेला, मधल्या जोड्या, दोन बदामवाले, गुलाम-दश्शी, गुलाम-नव्वीसारखे अर्धवट सिक्वेन्सवाले. त्यानं कॉल केला, पॉट ७६ सेंट.

टर्न: इस्पिक दुर्री. काही बदललं नाही. तो परत चेक. ५० सेंट. इथे बरेच जण थांबतात, "पॉट कंट्रोल" म्हणून. कसला कंट्रोल? बदामवाल्याला आता एकच पत्ता उरलाय, ४६ पैकी ९ पत्ते त्याचे, म्हणजे १९.६ टक्के. तुम्ही पॉटच्या दोन तृतीयांश लावलेत की त्याला कॉल परवडायला साधारण २८ टक्के लागतात. म्हणजे तो कॉल करतोय ती सरळ चूक आहे आणि ती चूक करायची संधी त्याला द्यायलाच हवी. रिव्हरला बदाम नाही आला की हाच माणूस एक सेंटही देणार नाही, ड्रॉवाल्यांकडून (ज्यांचा हँड अजून बनायचाय) वसुली फ्लॉप आणि टर्नलाच होते, नंतर दुकान बंद. त्यानं कॉल केला, पॉट १ डॉलर ७६ सेंट, दोघांकडे ४ डॉलर १३ सेंट उरले.

रिव्हर: चौकट सत्ती. तो चेक.

आता बोर्ड नीट बघा. राणी, अठ्ठी, तिर्री, दुर्री, सत्ती. फ्लश शक्य नाही. सिक्वेन्स शक्य नाही, कुठल्याही दोन पत्त्यांनी होत नाही, करून बघा. म्हणजे तुम्हाला हरवणारे सेट आणि दोन पेअरवाले (एक्के, राजे किंवा राण्यांची जोडी असती तर त्यानं बहुतेक फ्लॉपच्या आधीच रेझ केली असती, ती धरत नाही). मोजू. अठ्ठी, सत्ती, तिर्री, दुर्री यांचे सेट प्रत्येकी ३ प्रकारे, एकूण १२. दोन पेअरमध्ये हातातले दोन्ही पत्ते एकाच रंगाचे असलेले धरू: राणी-अठ्ठी २, राणी-सत्ती २, राणी-तिर्री १, राणी-दुर्री १, अठ्ठी-सत्ती २, म्हणजे ८. त्यातली राणी-दुर्री सोडून देतो, इतक्या घाण हँडला एकाच रंगाचं असलं तरी बरेच जण फोल्ड करतात (पत्ते टाकून देतात). धरा १९.

आता तुम्ही हरवता ते. तुमच्याकडे एक राणी, बोर्डवर एक, उरल्या २. राजे ४. म्हणजे राजा-राणी ८ प्रकारे. राणी-गुलाम ८, राणी-दश्शी ८. एकाच रंगाची राणी-नव्वी २. झाले २६. एक्का-राणी त्याच्याकडेही असली तर पॉट वाटला जातो, ते ६ प्रकार सोडून देऊ.

२६ विरुद्ध १९, म्हणजे जवळजवळ ५८ टक्के. आणि हे कसं मोजलंय बघा, अगदी घाबरट माणसानं मोजावं तसं. सगळेच्या सगळे सेट त्यानं फ्लॉप आणि टर्नला गुपचूप कॉल करत आणले असं धरलंय. प्रत्यक्षात या टेबलांवर दोन बदाम दिसत असताना सेटवाला टर्नपर्यंत रेझ करून मोकळा झालेला असतो, त्याला राहवत नाही. सत्तीची जोडी तर टर्नलाच सोडून गेली असती बहुतेक वेळा. शिवाय मी अठ्ठीवाले, दश्शीची जोडी, नव्वीची जोडी यातला एकही कॉल धरलेला नाही, आणि "बघू तरी काय आहे" म्हणून कॉल करणारे हेच तर असतात. सेट निम्मे केले तर २६ विरुद्ध १३ होतात.

पैशात सांगायचं तर: १ डॉलर १५ सेंट लावलेत, कॉल आला, तर घाबरट हिशोबानं रेक कापून सरासरी ११ सेंट नफा, म्हणजे दोन बिग ब्लाइंडपेक्षा थोडा जास्त. सेट निम्मे धरले तर ३० सेंट, सहा बिग ब्लाइंड. आता ज्यांना नफा १०० हँडला किती बिग ब्लाइंड असा मोजायची सवय आहे त्यांना कळेल हा आकडा किती मोठा आहे, कारण १०० हँडला ५ बिग ब्लाइंड काढणारा इथे चांगला खेळाडू समजला जातो. एक रिव्हर चेक केली की त्यातलं किती गेलं बघा.

कुणीतरी म्हणेलच की तो माणूस लूज आहे (काहीही घेऊन खेळतो), वेगवेगळ्या रंगाची राणी-अठ्ठी, राणी-सत्तीसुद्धा त्याच्याकडे असू शकते. बरोबर आहे, असू शकते. पण मग वेगवेगळ्या रंगाची राणी-नव्वी, राणी-छक्की, राणी-पंजी, राणी-चव्वीपण असू शकते ना. रंग न बघता राणी-अठ्ठी, राणी-सत्ती, राणी-तिर्री, राणी-दुर्री प्रत्येकी ६ प्रकारे, एकूण २४. राणी-नव्वी, छक्की, पंजी, चव्वी प्रत्येकी ८ प्रकारे, एकूण ३२. कचरा वाढला की तो दोन्ही बाजूंना वाढतो आणि आपल्या बाजूला जरा जास्तच वाढतो. लूज माणूस दिसला की लोक घाबरून चेक करतात, खरं तर त्याच्याचविरुद्ध जास्त लावायचं असतं.

किती लावायचं

हापूसची पेटी विकणारा गिऱ्हाईक बघून भाव सांगतो तसंच हे आहे, ज्याला घ्यायचंच आहे त्याला कमी भाव सांगून उपयोग नाही. छोट्या टेबलांवरचा सरासरी खेळाडू "माझ्याकडे जोडी आहे, कॉल" एवढाच विचार करतो, पॉटच्या ४० टक्के आहे की ७० टक्के हे त्याच्या डोक्यात नसतं. त्यामुळे फ्लॉप-टर्नला दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश हा साधा नियम धरा आणि पुढे जा.

याचा फरक केवढा पडतो ते एकदा कागदावर करून बघा. प्री-फ्लॉप (फ्लॉपच्या आधीचा डाव) नंतर पॉट साडेसहा बिग ब्लाइंड आहे. तिन्ही वेळा अर्धा पॉट लावलात आणि त्यानं तिन्ही कॉल केले तर पॉट ५२ बिग ब्लाइंडचा होतो, त्याच्याकडून आलेले पावणेतेवीस. तिन्ही वेळा पाऊण पॉट लावलात तर पॉट होतो १०१ च्या वर आणि त्याच्याकडून आलेले साडेसत्तेचाळीस. बेट दीडपट, वसुली दुपटीहून जास्त, कारण प्रत्येक बेट मागच्या बेटेनं फुगलेल्या पॉटवर लागते. म्हणून फ्लॉपला लाजत लावलेली बेट रिव्हरपर्यंत महाग पडते.

रिव्हरला मात्र माणूस बघून. कॉल करण्याची खाज असलेल्याला दोन तृतीयांश, कधी पूर्ण पॉटसुद्धा. जरा विचार करणाऱ्याला, ज्याच्याकडे बहुतेक दुसरी जोडी असेल असं वाटतंय, त्याला ४० टक्के. घट्ट खेळणाऱ्याला, म्हणजे जो शंभरातले बारा-चौदाच हँड खेळतो, त्यानं फ्लॉप आणि टर्न दोन्ही कॉल केले असतील तर एक जोडी घेऊन रिव्हरला बेट लावायची घाई नको, त्याच्याकडे राणी-दश्शी नसतेच, असलीच तर राजा-राणी नाहीतर सेट. हिशोब तोच, फक्त आपल्या बाजूचे २६ आठ-दहावर आले आणि त्याचे तेवढेच राहिले.

ट्रॅकर (हँडची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल, पोकरट्रॅकर किंवा होल्डेम मॅनेजर, आणि साइट परवानगी देत असेल तर दोनच आकडे आधी बघा. तो एकूण किती टक्के हँडमध्ये स्वतःहून पैसे टाकतो आणि एकूण किती टक्के हँडमध्ये प्री-फ्लॉप रेझ करतो. ४५ आणि ६ असं दिसलं की समजायचं, गिऱ्हाईक आलं. २२ आणि १८ दिसलं तर तो शिकलेला आहे, तिथे जपून. तीस-चाळीस हँडवरून फार निष्कर्ष काढू नका, पण ४५ आणि ६ इतका टोकाचा प्रकार असेल तर तो लवकर दिसतो. गोव्यात मांडवीतल्या बोटींवर बसणाऱ्यांना ही सोय नाही, तिथे तासाला पंचवीस-तीस हँड होतात आणि सगळं डोळ्यांनीच बघावं लागतं, पण "लिंप करतो (रेझ न करता नुसता बिग ब्लाइंड भरून येतो), सगळं कॉल करतो" हा माणूस तिथेही अर्ध्या तासात ओळखू येतो.

रेझ आली की

हा भाग जमला नाही तर वरचं सगळं वाया. बेट लावायची आणि रेझ आली की फोल्ड करायचं, हे दोन्ही आधीच ठरवून लावायची. आपल्या लोकांना तीन पत्तीची सवय असते, एकदा पैसे टाकले की "आता शो बघितल्याशिवाय सोडणार नाही" असा हट्ट येतो अंगात. पोकरच्या छोट्या टेबलांवर हा हट्ट सर्वात महाग.

वरच्याच हँडमध्ये समजा तुम्ही १ डॉलर १५ लावले आणि त्या शांत माणसानं ३ डॉलर २० केले. पॉटमध्ये आता ६ डॉलर ११, तुम्हाला अजून २ डॉलर ५ सेंट द्यायचेत. म्हणजे चारात एकदा जिंकलात तरी बरोबरी. ऐकायला स्वस्त वाटतं, "चारात एकदा तरी ब्लफ असेलच ना". नसतो हो. ज्या माणसानं तीन वेळा चेक केलं, दोनदा कॉल केला आणि मग रिव्हरला रेझ केली, तो या टेबलांवर ब्लफ करत नाही. त्याला सेट आहे, दोन पेअर आहेत, नाहीतर तुमच्या लक्षात न आलेलं काहीतरी आहे. एक्का-राणी टाकून द्या, चॅटमध्ये काही लिहू नका, पुढचा हँड.

टर्नची रेझही जवळपास तशीच. पोकरवाल्यांमध्ये याला बलुगा थिअरम म्हणून ओळखतात, टर्नला रेझ आली की एका जोडीची किंमत नव्यानं ठरवा. शांत माणसाची टर्न-रेझ म्हणजे एक जोडी टाकून द्यायची. फ्लॉपची रेझ वेगळी, तिथे बदामवाले, अर्धवट सिक्वेन्सवालेही उड्या मारतात, म्हणून एक्का-राणीनं फ्लॉपला कॉल करून टर्न काय करतोय बघायला हरकत नाही.

अपवाद सांगतो म्हणजे कुणी आंधळेपणानं फोल्ड करत सुटणार नाही. जो माणूस दर दुसऱ्या हँडला रेझ करतोय, ज्यानं आधी रिकाम्या पत्त्यांवर स्टॅक (पुढ्यातले सगळे पैसे) टाकलेला पत्ते दाखवल्यावर तुम्ही बघितलाय, त्याला कॉल करा. पण बघितलाय म्हणजे शोडाउनला (शेवटी पत्ते उघडताना) बघितलाय. "मला वाटतंय हा ब्लफर आहे" याला पुरावा म्हणत नाहीत. आणि अशा माणसाविरुद्ध रिव्हरला बेट लावण्यापेक्षा चेक करून त्यालाच लावू देणं जास्त फायद्याचं असतं, तो लावतोच. शांत माणूस तुमच्यासाठी कधी लावत नाही म्हणून त्याच्याविरुद्ध आपणच लावायचं.

कधी थांबायचं

बेट लावायच्या आधी फ्लॉपलाच ठरवायची सवय लावा की हा हँड तीन बेटांचा आहे, दोनचा की एकचा. राणीच्या बोर्डवर एक्का-राणी, राजा-राणी: तीन. राणी-दश्शी: बहुतेक वेळा दोन, गिऱ्हाईक चांगलं असेल तर तीन. गुलामाच्या जोडीला खाली टाकणारी राणी बोर्डवर आली असेल तर एक, आणि ती फ्लॉपला नाहीतर टर्नला, दोन्हीला नाही. हे आधी ठरलं की मधे कुठे चेक करायचं ते आपोआप कळतं, रिव्हरला घड्याळाची टिकटिक सुरू झाल्यावर विचार करावा लागत नाही.

मग पत्ते बदलतात. तिसरा बदाम आला आणि आतापर्यंत कॉल करणाऱ्यानं अचानक स्वतः मोठी बेट लावली, तर गेलं, फोल्ड. तिसरा बदाम आला आणि त्यानं चेक केलं तर मात्र लगेच ढेपाळायचं नाही. तो माणूस फ्लश लागल्यावर बरेचदा स्वतःच लावतो, त्याला भीती असते की तुम्ही चेक कराल. अशा वेळी एक तृतीयांशची छोटी बेट चालते, राणीवाले अजूनही कॉल करतात. चार पत्ते एकाच रंगाचे झाले किंवा चार सलग दिसायला लागले तर नको, तिथे कॉल करणाऱ्यात तुमच्या खालचं काही उरत नाही.

तुम्ही आधी बोलणारे असाल, म्हणजे ब्लाइंडमधून खेळताय, तर ५० टक्क्यांचा नियम थोडा सैल होतो. कारण चेक केलं तर गोष्ट संपत नाही, तो लावणार, आणि मग कदाचित तुम्हाला न परवडणाऱ्या आकड्याला कॉल करावा लागणार. अशा वेळी रिव्हरला पॉटच्या चौथा-तिसरा हिस्सा आपणच लावून भाव ठरवून टाकायचा. दुसरी जोडी घेऊन तो कॉल करतो, रेझ केली तर फोल्ड.

आणि गर्दी. चार लिंप झाले, तुम्ही एक्क्यांची जोडी घेऊन फक्त २० सेंट केले आणि चौघेही आले, मग फ्लॉपला "एक्के आहेत" म्हणून स्टॅक टाकू नका. एका कुठल्याही पत्त्यांविरुद्ध एक्के ८५ टक्के जिंकतात, चौघांविरुद्ध ५६ च्या आसपास. ५६ म्हणजे अजूनही बक्कळ फायदा, पाच जणांत तुमचा वाटा निम्म्याहून जास्त, पण जवळजवळ निम्म्या वेळा हरताही, तेव्हा फ्लॉपला चांगली मोठी बेट आणि त्यावर कुणी रेझ, मागून अजून कुणी कॉल असं झालं तर बाहेर. खरा उपाय आधीचा आहे: प्रत्येक लिंपरमागे एक बिग ब्लाइंड वाढवून रेझ करायची, तीन अधिक चार म्हणजे ३५ सेंट, या टेबलांवर तर ४० केलेत तरी दोघे येतातच.

दोन पेअरबद्दल वेगळं फार लिहीत नाही, हिशोब तोच आहे, फक्त ओल्या बोर्डवर अजून जोरात लावा. नव्वी-अठ्ठी हातात आणि नव्वी, अठ्ठी, छक्की फ्लॉपला, दोन पत्ते एका रंगाचे, इथे पूर्ण पॉटसुद्धा जास्त नाही. कॉल करणारे ढीगभर आहेत आणि टर्नला निम्मे पत्ते तुम्हाला नकोसे असणार, मग पैसे आत्ता घ्यायचे की नंतर?

सराव कसा करायचा तर ट्रॅकरमध्ये एक फिल्टर लावा: रिव्हरला समोरच्यानं चेक केलं, तुम्ही शेवटचे, तुमच्याकडे टॉप पेअर किंवा वर, आणि तुम्हीही चेक केलंत. जे हँड निघतील त्यात समोरच्यानं काय दाखवलं ते एकेक करून बघा. बऱ्याच साइटवर शोडाउनला गेलेले पण टाकलेले पत्तेही हँड हिस्टरीत दिसतात, तिथेच खरी माहिती आहे. राणी-दश्शी, अठ्ठीची जोडी, सत्तीची जोडी असं दिसलं की त्या माणसाच्या नावावर नोट टाका, "दुसऱ्या जोडीनं दोन बेट कॉल करतो", आणि रंग द्या एखादा, हिरवा वगैरे. पुढच्या वेळी तो टेबलावर दिसला की त्याच्या डावीकडची जागा रिकामी आहे का ते आधी बघा.